दर उन्हाळ्यात रीस्टार्ट होणारा पीसी आणि तीनदा चुकलेला इलाज

लक्षण आधी सांगतो. एप्रिलचा दुसरा आठवडा लागला की दुपारी एक ते पाचच्या मध्ये रेंडर (थ्रीडी नमुन्याचं पक्कं चित्र कॉम्प्युटरकडून काढून घेणं) लावल्यावर पंधरा-वीस मिनिटांत पीसी रीस्टार्ट होतो. कधी निळा पडदा दिसतो, कधी तेवढंही सौजन्य नाही. पंखे गपकन थांबतात आणि पुन्हा फिरायला लागतात. तीच फाइल रात्री अकरानंतर लावली तर सकाळपर्यंत सुरळीत चालते. दिवाळी ते होळी काहीच तक्रार नाही.

पीसी माझ्या भाच्याचा. इंदूरला लोकमान्य नगरात ताईचं घर आहे, त्यातली वरच्या मजल्यावरची पश्चिमेकडची खोली, डोक्यावर थेट गच्ची. आत एएमडीचा रायझन ७ ५८००एक्स प्रोसेसर, आठही कोअर ४.६ गिगाहर्ट्झला बांधलेले, व्होल्टेज १.३२५. तो मांडववाल्यांना स्टेजचे आणि सुतारांना फर्निचरचे थ्रीडी नमुने करून देतो, त्यामुळे प्रोसेसर तासन्‌तास शंभर टक्के भारावर असतो. नुसते गेम खेळणाऱ्याला हा त्रास कदाचित जाणवणारही नाही, कारण गेममध्ये आठही कोअर असे सलग राबत नाहीत. आमच्याकडे रेंडरला १३८ वॉट दिसत होते.

"मामा, परत सुरू झालं." दर वर्षी एप्रिलमध्ये हा फोन ठरलेला. मी कॉम्प्युटरचा धंदा करत नाही, पण नात्यागोत्यातले पीसी जोडून देणारा एक माणूस प्रत्येक घराण्यात असतो, तो आमच्यात मी.

पाऊस आला, श्रेय पेस्टला

पहिल्या वर्षी थर्मल पेस्ट बदलली, म्हणजे प्रोसेसर आणि त्याच्यावरचा कूलर यांच्यामध्ये उष्णता वाहून न्यायला लावतात ती. जूनचा तिसरा आठवडा होता. त्यानंतर पीसी एकदाही पडला नाही आणि ताईच्या घरी माझा भाव वधारला. दुसऱ्या वर्षी पुन्हा तेच, म्हणून कूलरचा पंखा बदलला आणि बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) त्याचा वेग शंभर टक्क्यांवर नेऊन ठेवला. खोलीत चटणी वाटत असल्यासारखा आवाज दिवसभर. पण पंधरा दिवसांत त्रास थांबला. तिसऱ्या वर्षी आर.एन.टी. मार्गावरच्या एका दुकानातून नवा कूलर आणला, रंगीत दिव्यांचा. दुकानदार म्हणाला, "भिया, आँख बंद करके ले जाओ, दो सौ बीस वॉट का है." तोही लावून झाला तेव्हा जून निम्मा सरला होता.

चौथ्या वर्षी एप्रिलमध्ये फोन आला तेव्हा या सगळ्या तारखा एका कागदावर मांडल्या आणि कपाळावर हात मारला. तिन्ही दुरुस्त्या पाऊस तोंडावर आलेला असताना झाल्या होत्या. माळव्यात जूनच्या उत्तरार्धात पाऊस लागला की ही खोली ३८ वरून २९-३० अंशांवर येते आणि पीसी आपोआप बरा होतो. पेस्ट, पंखा, कूलर यांपैकी कशाचा किती उपयोग झाला, हे आम्ही एकदाही मोजलं नव्हतं. दर वर्षी परत येणारा बिघाड असेल तर पहिलं काम हेच: मागच्या वेळी नेमकं काय केलं, आणि त्या आठवड्यात बाहेर हवा काय होती, हे शेजारी शेजारी लिहून काढा.

डिसेंबरचा स्क्रीनशॉट

एअर कूलर प्रोसेसरला ठरावीक अंशांवर आणून ठेवतो असं आपण उगाच धरून चालतो. तो प्रोसेसरला आजूबाजूच्या हवेपेक्षा अमुक इतके अंश वर ठेवतो, एवढंच त्याचं काम. निवड करायची ती त्या 'अमुक' आकड्याची.

भाच्याच्या फोनमध्ये डिसेंबरातला एक स्क्रीनशॉट सापडला. ओव्हरक्लॉक (हाताने वाढवलेला वेग) जमलं म्हणून मित्रांना मिरवायला काढलेला. खोली २२ अंश, प्रोसेसर ७४. फरक ५२. हवा सोळा अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळपास सोळा अंश वर सरकणार. मे महिन्यातल्या दुपारी ताईच्या त्या खोलीत ३८ असतात. ३८ आणि ५२, बरोबर ९०. आणि ५८००एक्सची कमाल मर्यादा एएमडीने दिली आहे ९० अंशच. तीन वर्षं ज्याच्यामागे धावत होतो ते उत्तर एका बेरजेत होतं.

प्रत्यक्षात गोष्ट या बेरजेपेक्षा थोडी वाईटच असते. सिलिकॉन गरम झालं की त्यातून गळणारा विद्युतप्रवाह वाढतो, म्हणजे त्याच व्होल्टेजला जास्त वॉट लागतात आणि उष्णताही वाढते. शिवाय गरम प्रोसेसरला तोच वेग टिकवायला सहसा थोडं जास्त व्होल्टेज लागतं. थंडीत रात्रभर चाचणी देऊन 'एकदम स्टेबल' ठरवलेली सेटिंग मे महिन्यात कोसळते ती यामुळे. ओव्हरक्लॉक न केलेला प्रोसेसर मर्यादेजवळ गेला की निमूट वेग उतरवतो आणि काम रेटत राहतो. आपण वेग आणि व्होल्टेज दोन्ही हाताने बांधून ठेवले की ही लवचिकता जाते, मग रीस्टार्ट.

इंदूरपुरती एक गंमत सांगतो. हे शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे. इथली हवा मुंबईच्या मानाने साधारण पाच टक्क्यांनी विरळ. त्यात २२ अंशांची हवा ४० अंशांची झाली की आणखी सहा टक्के विरळ होते. पंखा हवेचं आकारमान ढकलतो, वजन नाही. म्हणजे तोच पंखा, त्याच फेऱ्या, पण उष्णता उचलायला हवा दहाएक टक्के कमी. यामुळे पीसी पडतो असं मुळीच नाही, पण कूलर अगदी काठावर बेतून घेऊ नये याला हे एक कारण.

कूलरला दोष देण्याआधी

हे सगळं मी एका दुपारी तीन वाजता केलं. सकाळी केलेली चाचणी इथे निरुपयोगी. भिंतीवरचं साधं तापमापक कॅबिनेटच्या समोर, पंखा जिथून हवा ओढतो तिथे ठेवलं. एचडब्ल्यूइन्फो हा आकडे दाखवणारा प्रोग्राम उघडून तीन आकडे समोर घेतले: प्रोसेसरचं तापमान, पॅकेज पॉवर (प्रोसेसर खातो ते वॉट) आणि पंख्याच्या फेऱ्या. मग सिनेबेंच आर२३ या रेंडरच्या चाचणीची दहा मिनिटांची फेरी. प्राइम९५ हा दुसरा चाचणी-प्रोग्राम मुद्दाम टाळला. त्यातली 'स्मॉल एफएफटी' नावाची चाचणी प्रोसेसरला इतकं पिळते की रोजच्या रेंडरशी तिचा संबंध राहत नाही, आणि माणूस गरजेपेक्षा मोठा कूलर घेऊन बसतो.

पाहायचं ते तापमान कसं चढतं. भार पडल्यावर चार-पाच सेकंदांतच उडी मारून वर गेलं, तर उष्णता प्रोसेसरमधून कूलरच्या तळात नीट शिरत नाही. हळूहळू दहा-पंधरा मिनिटं चढत राहिलं, तर ती कूलरपर्यंत पोहोचते आहे पण हवा तिला बाहेर नेत नाही. ५८००एक्ससारख्या प्रोसेसरमध्ये थोडी उडी दिसणारच. त्याचे आठही कोअर एकाच चिपलेटवर (झाकणाखालच्या सिलिकॉनच्या तुकड्यावर) आहेत आणि ती चिपलेट जेमतेम ८१ चौरस मिलिमीटरची, नऊ बाय नऊ समजा. करंगळीच्या नखाएवढ्या जागेत शंभरावर वॉट. आमच्याकडे दोन्ही होतं: पाच सेकंदांत ७९, आणि मग मुंगीच्या पावलांनी ८९.

मग बोटाची परीक्षा. पडद्यावर ८९ दिसत असताना कूलरच्या सगळ्यात वरच्या, पत्र्याच्या पात्यांना हळूच बोट लावून बघा. (पंख्यापासून बोट लांब, आणि तळाजवळच्या तांब्याच्या नळ्यांना हात नको, चटका बसतो.) वरची पाती चांगलीच तापलेली असतील तर तळातली उष्णता पात्यांपर्यंत नेणाऱ्या या नळ्या आपलं काम करताहेत आणि दोष हवेचा आहे. प्रोसेसर नव्वदीला आणि पाती कोमट, तर मध्ये कुठेतरी वाट अडली आहे: पेस्ट वाळली आहे, स्क्रू तिरके बसले आहेत, किंवा तळावरची पारदर्शक फिल्म काढायची राहून गेली आहे. हसू नका, फिल्मसकट बसवलेला कूलर मी स्वतः पाहिला आहे. आमची पाती कोमट होती. फिल्म नव्हती.

शेवटी कॅबिनेटची बाजूची काच काढून तीच फेरी पुन्हा लावली. तापमान नऊ अंशांनी खाली आलं. ही परीक्षा अगदी फुकटची आणि सगळ्यात बोलकी. झाकण काढल्यावर दोन-तीन अंशांचा फरक पडला तर कॅबिनेट ठीक. पाचच्या वर पडला तर नव्या कूलरचे पैसे खिशातच ठेवा, आधी कॅबिनेटकडे बघा. कारण कितीही भारी टॉवर (पात्यांचा उभा मनोरा असलेला कूलर) घेतला तरी तो आतली कोंडलेली गरम हवाच फिरवत बसणार.

आमच्या कॅबिनेटला पुढून सबंध काच होती, त्या काचेमागे तीन पंखे दिमाखात चमकत होते आणि हवा आत यायला दोन्ही कडांना बोटभर फट. त्या फटीमागची जाळी काढली तर तिच्यावर पिवळसर धुळीचा नमदा जमला होता. स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून सलग सात वर्षं देशात पहिलं आलेलं शहर हे, पण मे महिन्यातल्या वाऱ्याबरोबर येणारी धूळ महापालिकेची गाडी उचलत नाही. वरून मागच्या पंख्याचं तोंड उलटं होतं, तो बाहेरची हवा आत ओढत होता. पंख्याची दिशा ओळखायची सोपी खूण म्हणजे ज्या बाजूला मधल्या मोटरला धरणाऱ्या आडव्या काड्या दिसतात, त्या बाजूने हवा बाहेर पडते. तो पंखा मीच लावला होता. भाचा काही बोलला नाही, पण बघितलं त्याने माझ्याकडे.

एक 'कट्' आवाज

आता कूलर उतरवायचा होता. इथे माझ्या हातून जे झालं ते तुमच्याकडून होऊ नये म्हणून जरा सविस्तर.

भाच्याच्या बोर्डावर एएमडीचं एएम४ सॉकेट (प्रोसेसर बसवायची जागा) आहे. एएम४ सॉकेटच्या प्रोसेसरला खाली १,३३१ पिना असतात आणि त्या प्रोसेसरच्याच अंगावर असतात. सॉकेटची दांडी बंद असली तरी प्रोसेसरला वरून धरून ठेवणारं काही नसतं. पेस्ट थंड होऊन घट्ट झालेली असताना कूलर सरळ वर ओढला तर पेस्ट प्रोसेसरलाच चिकटवून घेऊन वर येते. हे मला माहीत होतं. तरी जेवणाची वेळ झाली होती, स्क्रू सोडवले आणि कूलर ओढला. 'कट्' असा आवाज आला. कूलर उलटा करून पाहिला तर तळाला प्रोसेसर चिकटलेला, आणि एका कोपऱ्यातल्या चार पिना शेजारणींच्या खांद्यावर मान टाकून झोपलेल्या.

पुढचे दोन तास भाचा मोबाइलचा टॉर्च धरून उभा आणि मी लेड काढलेल्या ०.७ च्या पेन्सिलीचं टोक एकेका पिनेवर चढवून तिला केसभर केसभर सरळ करतोय. मध्ये ताई दारात येऊन गेली. "तुमचं ते काही केल्या गार होत नाही, आणि माझ्या पोळ्या गार होताहेत." शेवटी रांगेच्या मधून जुनं एटीएम कार्ड सरकवून पाहिलं, कुठे अडलं नाही. प्रोसेसर सॉकेटवर ठेवला तर स्वतःच्या वजनाने खाली बसला. तो असाच बसायला हवा, अंगठ्याने दाबावा लागला तर थांबा.

योग्य पद्धत अशी. उतरवण्याआधी दहा मिनिटं रेंडर चालवून पेस्ट कोमट होऊ द्या. मग पीसी बंद करून प्लग काढा, स्क्रू सोडवा आणि कूलर घड्याळाच्या काट्यासारखा थोडा इकडे, थोडा तिकडे फिरवा. पेस्टची पकड सुटल्याचं हाताला कळतं. मगच उचला. एएमडीच्या नव्या एएम५ आणि इंटेलच्या सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात आणि प्रोसेसर पत्र्याच्या चौकटीत अडकलेला असतो, तिथे हा धोका नाही. (इंटेलच्या एलजीए १७०० या सॉकेटची वेगळी खोड आहे: त्या चौकटीच्या दाबाने प्रोसेसर मध्ये किंचित वाकतो आणि कूलरचा तळ सगळीकडे टेकत नाही. त्यावर बदली चौकट मिळते, फरक पडतो.)

जुनी पेस्ट पुसायला मेडिकलमधलं सुगंधी स्पिरिट नको. जेल रोडवरचे मोबाइल दुरुस्तीवाले आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, वापरतात, त्यांच्याकडून छोटी बाटली मिळते. पुसल्यावर तळ उजेडात धरला आणि मग त्या कोमट पात्यांचं कोडं उलगडलं. दिव्यांच्या त्या कूलरच्या नळ्या थेट प्रोसेसरला टेकणाऱ्या होत्या. दिसायला झकास, तांबं समोर उघडं. पण नळ्यांच्या मध्ये ॲल्युमिनिअमच्या पट्ट्या होत्या, आणि ५८००एक्सची ती नखाएवढी चिपलेट प्रोसेसरच्या मधोमध नसून एका कडेला असते. पेस्टवर उमटलेला ठसा सांगत होता की तिच्यावर धड दीडच नळी येत होती. बाकीच्या नळ्या नुसत्या बसून पगार खात होत्या.

मग कोणता घ्यायचा

खोक्यावरचा '२२० वॉट' हा आकडा पहिल्यांदा मनातून काढून टाका. कोणत्या तापमानाच्या खोलीत, प्रोसेसर किती अंशांवर ठेवून, केवढ्या चिपवर, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. एखाद्या हॉलमध्ये पाचशे माणसं मावतात म्हटल्यावर बसून की उभी, हे विचारतोच ना आपण.

आपला आकडा आपण काढायचा. पण त्याआधी वॉट कमी करता येतात का बघा, कारण सगळ्यात स्वस्त कूलर बायोसमध्येच असतो. प्रोसेसरची उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. भाच्याला म्हटलं, "शंभर मेगाहर्ट्झ सोड." तो म्हणाला, "मामा, मग ओव्हरक्लॉक कशाला म्हणायचं त्याला?" तरी ४.६ चं ४.५ केलं आणि तेवढ्या वेगाला १.२५ व्होल्ट पुरले. वेग गेला दोन टक्के. पॅकेज पॉवर १३८ वरून १२१ वर आली. एका फ्रेमला चार मिनिटं लागत होती तिथे पाच सेकंद जास्त. एवढ्यावरून मामा-भाच्यात अबोला धरण्यासारखं काही नव्हतं.

आता हिशेब. मे महिन्यात प्रोसेसर ८२ च्या वर जाऊ नये असं ठरवलं. खोली ३८. बंद कॅबिनेटमध्ये आतली हवा बाहेरच्यापेक्षा पाच अंश गरम धरली. उरले ३९ अंश. ३९ भागिले १२१, म्हणजे दर वॉटला ०.३२ अंश. एवढं जमणारा कूलर हवा. परीक्षणं वाचताना हेच करा: त्यांनी मोजलेल्या तापमानातून त्यांच्या खोलीचं तापमान वजा करा आणि वॉटने भागा. बहुतेक चाचण्या २१ ते २५ अंशांच्या खोलीत होतात, त्यामुळे तिथला '७० अंश' आपल्याकडे मे महिन्यात ८५ च्या घरात जातो. आणि चाचणी आपल्याच प्रोसेसरवर, निदान त्याच घराण्यातल्या प्रोसेसरवर केलेली निवडा. मोठ्या चिपवर उत्तम ठरलेला कूलर छोट्या चिपलेटवर तेवढं जमवेलच असं नाही.

०.३२ म्हटल्यावर एका टॉवरचे, चार नळ्यांचे कूलर आमच्या यादीतून गेले. ते वाईट नसतात. ६५ वॉटच्या, न छेडलेल्या प्रोसेसरला चार नळ्यांचा एक टॉवर इंदूरच्या उन्हाळ्यातही भरपूर झाला. ओव्हरक्लॉक केलेल्या आठ कोअरसाठी मात्र दोन टॉवर, सहा मिलिमीटरच्या सहा नळ्या आणि दोन पंखे, आणि तळ सबंध तांब्याचा, वरून निकेलचा मुलामा दिलेला. सबंध तळ चिपलेटची उष्णता आधी पसरवतो, मग सगळ्या नळ्यांना वाटा मिळतो.

यादीत उरले नॉक्टुआ एनएच-डी१५, डीपकूल एके६२० आणि थर्मलराइट पीअरलेस असॅसिन १२० एसई. पहिला १६५ मिलिमीटर उंच, दुसरा १६०, तिसरा १५५. आमच्या कॅबिनेटच्या माहितीपत्रकात कूलरची कमाल उंची १५८ लिहिलेली. निवड झाली. खरंच, शेवटी निर्णय पट्टीने केला. डी१५ घेऊन कॅबिनेटही नवं घ्यायचं असं भाच्याच्या मनात होतं. ताईच्या मनात नव्हतं.

पट्टी रॅमलाही लावा. दोन टॉवरच्या कूलरचा पुढचा पंखा रॅमवर येतो. रॅमला उंच शोभेचे पत्रे असतील तर पंखा वर सरकवावा लागतो, आणि पंखा जेवढा वर तेवढी एकूण उंची वाढून झाकण लागायची बोंब. आमचा चार मिलिमीटर वर गेला. १५५ मध्ये चार मिळवले की १५९, म्हणजे कागदावर बसायला नको होता; पंख्याचा वरचा कड पात्यांच्या थोडा खाली होता म्हणून निभावलं. अशा नशिबावर तुम्ही विसंबू नका.

बसवताना मागची धातूची पट्टी जपून ठेवा. एएम४ बोर्डाबरोबर ती येते आणि पुष्कळ कूलर तिच्यावरच बसतात. दुकानात वेगळी मिळणं अवघड. पेस्ट वाटाण्याएवढी मध्ये आणि चार कोपऱ्यांकडे बारीक थेंब. स्क्रू एका बाजूचा पूर्ण पिळून मग दुसरा, असं नाही: दोन आटे इकडे, दोन तिकडे. दोन्ही पंखे एकाच दिशेने, पुढून मागे, आणि त्यांची जोडवायर बोर्डावर सीपीयू फॅन लिहिलेल्या चार पिनांच्या जागी.

कॅबिनेटची पुढची काच काढून टाकली आणि तिथे खिडकीला लावायची बारीक जाळी चौकटीत ताणून बसवली. दिसतं जरा घरगुती. भाच्याचे मित्र हसतात. झाकण लावून आणि काढून फरक आता चार अंश.

पाण्याच्या कूलरचं काय, असं भाच्याने विचारलंच. तोही शेवटी उष्णता खोलीतल्या हवेतच सोडतो, ३८ अंशांच्या खोलीत ३८ च्या खाली तोही जाणार नाही. मोठा रेडिएटर असेल तर पाच-सात अंशांचा फायदा खरा, पण त्यात पंप आहे आणि पंप कधीतरी थांबतो. टॉवरमध्ये थांबण्यासारखा फक्त पंखा, तो चारपाचशे रुपयांत बदलता येतो. आय९-१३९००के सारखा २५३ वॉटपर्यंत जाणारा प्रोसेसर वर आणखी ओव्हरक्लॉक करून इंदूरच्या मे महिन्यात हवेवर चालवायचा असेल, तर माझं उत्तर एका शब्दात आहे: नको.

घरातला दुसरा कूलर

"आणखी एक कूलर आणलात? खिडकीतला काय वाईट होता?" हे ताईचं पहिलं वाक्य होतं. आमच्याकडे कूलर म्हणजे खिडकीत बसवलेला, वाळ्याच्या ताट्यांचा, पाण्याचा. आणि बोलण्यात तथ्य होतं. मे महिन्यात इथली हवा कोरडी असते, तेव्हा खिडकीतला कूलर लावल्यावर ती खोली ३८ वरून ३० वर आली. प्रोसेसर आठ अंश खाली, एक स्क्रू न फिरवता. ज्यांच्याकडे असा कूलर आहे त्यांनी दुपारच्या रेंडरआधी अर्धा तास तो चालू करावा, समोरचं दार उघडं ठेवून, म्हणजे दमट हवा बाहेर जाईल.

फक्त पीसी त्याच्या झोताच्या थेट समोर ठेवू नका. हवा दमट असण्याने बिघडत नाही, चालू पीसीचा प्रत्येक भाग खोलीपेक्षा गरमच असतो, त्यामुळे दव धरत नाही. त्रास होतो तो झोताबरोबर उडणाऱ्या तुषारांचा. बोअरिंगचं जड पाणी असलं की ते तुषार वाळून पांढरी पूड मागे ठेवतात आणि ती धुळीत कालवली गेली की पात्यांवर प्लास्टर चढतं. ब्लोअरनेही ते निघत नाही. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, मोकळा सोडला तर तो नको इतका जोरात फिरून बेअरिंग खराब होतं.

या मे महिन्यातला आकडा: दुपारी सव्वातीन, खोली ३८, खिडकीतला कूलर मुद्दाम बंद, सलग दोन तास रेंडर. प्रोसेसर ७८. फरक ५२ वरून ४० वर आला. पंखे साठ टक्क्यांवर, चटणीचा आवाज बंद. पावसाची वाट न बघता मोजलेला हा पहिलाच आकडा, म्हणून भाच्याने भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेच्या चौकटीत '३८ / ७८' असं लिहून ठेवलं आहे, दूध आणि गॅसच्या नोंदींच्या मध्ये. दर महिन्याला एकदा लिहायचं ठरलं आहे. फरक ४० वरून ४५ झाला की आधी जाळी धुवायची, मग पेस्ट.

जुलैत तो शिकायला पुण्याला चालला आहे, पीसीसकट. टॉवर जवळपास किलोभराचा, उभ्या बोर्डाला लटकलेला. बसच्या डिकीत रात्रभर खड्डे खात गेला तर बोर्डाचं काही खरं नाही. म्हणून कॅबिनेट आडवं, बोर्ड खाली आणि कूलर वर आकाशाकडे तोंड करून न्यायचं, किंवा कूलर उतरवून वेगळा. उतरवायचं ठरलं तर मला फोन करायचा, असं बजावून ठेवलंय. "हो मामा, आधी पेस्ट गरम करायची, मग फिरवायचं," तो म्हणाला. "आणि जेवून घ्यायचं आधी."